हे रोप नक्की कोणतं? पानांच्या कडेला पिल्लं येतात, शेजारी पत्थरचट्टा म्हणतात

अनघा_सुदामानगर (१२ ऑगस्ट)
नमस्कार मंडळी. एका रोपाची ओळख हवी आहे आणि जरा घाईच आहे.

आमच्या मावससासूबाईंचा इथला, इंदूरच्या रामबागेतला जुना वाडा पाडून तिथे आता मल्टी (बहुमजली इमारत) होतेय. मागच्या चौकातले गमले त्यांनी नातेवाइकांत वाटून टाकले, त्यातला एक आमच्याकडे आला. त्यात जे आहे त्याचं नाव मावशींनाही माहीत नाही, "सासूबाईंच्या वेळचं आहे" एवढंच म्हणतात. एकच सरळ दांडा, साधारण दीड फूट उंच, फांद्या नाहीत. पानं जाड, मांसल, करडी-हिरवी, बोटभर लांब आणि टोकाकडे निमुळती. पानाच्या कडेला बारीक दात आहेत आणि प्रत्येक दोन दातांच्या मध्ये एक इवलंसं रोप, त्याला दोन पानं, खाली मुळांचे धागेसुद्धा. हात लागला की पंधरा-वीस टपाटप गळतात. शेजारच्या मोगऱ्याच्या आणि तुळशीच्या गमल्यातही आता तीच उगवलीयेत.

मोबाईलवरच्या अ‍ॅपने सकाळी एक नाव सांगितलं, दुपारी दुसरं. आता घाई कशाची ते सांगते. सासूबाईंना उजव्या किडनीत खडा आहे. शेजारच्या भाभीजींनी हे रोप बघितलं आणि म्हणाल्या की अरे हा तर पत्थरचट्टा, रोज सकाळी अनशापोटी दोन पानं चावून खा, पंधरा दिवसांत खडा विरघळतो. सासूबाईंना ते एकदम पटलंय. त्या सोमवारपासून सुरू करणार म्हणतात, मी आज-उद्या करत थांबवून ठेवलंय. पत्थरचट्टा म्हणजे आपली पानफुटीच ना? मग हे खरंच पानफुटी आहे का? नसेल तर काय आहे?

फोटो लावलाय पण संध्याकाळचा आहे, काळपट आलाय.

रामबागकर
पानफुटीच हो! शाळेत सातवी-आठवीत नव्हती का, पान मातीवर ठेवलं की कडेने रोपं फुटतात? आम्ही पान वहीत ठेवायचो आणि रोज उघडून बघायचो. तुमचा वाडा कुठला, राममंदिराच्या गल्लीतला का? तिथे आमची आत्या राहायची.

टेरेसवाली
रामबागकर काका, थांबा जरा. पानफुटीचं पान *तोडून* मातीवर टाकलं की मग त्याला फुटवे येतात. अनघाच्या रोपाला पान दांड्यावर असतानाच कडेला पिल्लांची रांग लागलीये. हा फार मोठा फरक आहे.

अनघा, उद्या सकाळच्या उजेडात परत फोटो टाक, आणि एवढं बघून सांग. पान खालून कसं आहे, डाग-पट्टे आहेत का कोरं हिरवं आहे? पान सपाट आहे का मधून दुमडल्यासारखं? दांड्याला जिथे जोडलंय तिथे पानाची कड कशी आहे? आणि एका पेरावर पानं दोन समोरासमोर आहेत का तीन? तोपर्यंत कोणी काही खाऊ नका. सासूबाईंना सांग की इंदूरच्या बायकांनी मिटिंग बसवलीये, निकाल लागेपर्यंत स्थगिती.

मालवी_भिया
टेरेसवाली ताई एकदम कोर्टासारखं बोलून राहिल्या 😀 पण भिया आमच्याकडे पण हेच आहे छतावर, आणि आम्ही पण पत्थरचट्टाच म्हणतो. नर्सरीवाल्याने हेच नाव सांगून दिलं होतं.

कल्पना_लोकमान्यनगर
मला कळतच नाहीये हे सगळं. आमच्याकडे पत्थरचट्टा कित्येक वर्षं आहे आणि आम्ही त्याची भजी करतो, पावसाळ्यात तर दर रविवारी! पान बेसनात बुडवायचं की तळायचं. खोकल्यालाही चांगलं. कडेला पिल्लं वगैरे कधीच आली नाहीत त्याला.

टेरेसवाली
कल्पना ताई, तुमचं पान लव असलेलं, मखमली, चुरगळलं की ओव्याचा घमघमाट येतो, हो ना? तो पानओवा. तुळशीच्या कुळातला. हिंदीत त्याला पत्थरचूर म्हणतात आणि बोलता बोलता त्याचाही पत्थरचट्टा होऊन जातो. तुमची भजी सुखाने करा. पण कृपा करून इथे "पत्थरचट्ट्याची भजी करतो" एवढंच लिहू नका, कोणीतरी अनघाच्या झाडाची पानं बेसनात घालेल.

वैद्य_मृणाल
हा मुद्दा मला जरा सविस्तर लिहायचाच होता, कारण दवाखान्यात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी पिशवीतून पानं आणून दाखवतं आणि दर वेळी पानं वेगळी असतात.

मूत्राश्मरीवर, म्हणजे मुतखड्यावर, आयुर्वेदात जो पाषाणभेद सांगितलाय तो भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाप्रमाणे (औषधांचा अधिकृत ग्रंथ) हिमालयात होणाऱ्या बर्जेनिया सिलिएटाचा कंद. कंद, पान नव्हे. वाळलेले लालसर-तपकिरी तुकडे इंदूरच्या सियागंज बाजारात जडीबुटीच्या दुकानात मिळतात. आता हिमालयातली वस्तू माळव्यात सहज मिळत नाही, म्हणून ठिकठिकाणी लोकांनी जवळची झाडं त्या नावाने वापरायला सुरुवात केली. कुठे पानफुटी, ज्याला आपण पर्णबीज म्हणतो, कुठे कल्पना ताईंचा पानओवा. आणि आता नर्सऱ्यांमध्ये पिल्लंवाल्या या शोभेच्या जाती आल्या, तर त्यांनाही तेच नाव चिकटलं. म्हणजे एका नावाखाली किमान चार वेगवेगळी झाडं फिरतायत आणि त्यातल्या दोघातिघांचा एकमेकांशी काही संबंधसुद्धा नाही.

पानफुटी मूळची मादागास्करची. ती आपल्याकडे बाहेरून आली आणि रुजली. तेव्हा जुन्या संहितांतला पाषाणभेद ती असण्याचा प्रश्नच येत नाही. मी पर्णबीजाचा वापर वाईट म्हणत नाहीये, जखमेवर पान गरम करून बांधणं मी स्वतः सुचवते. पण पोटात घ्यायचं असेल तर झाड तेच आहे याची खात्री, मात्रा आणि रुग्ण कोण आहे हे तिन्ही लागतं. भाभीजींच्या सल्ल्यात यातलं एकही नाही.

रामबागकर
वैद्यबाई, तुमचा आदर राखून सांगतो. आमच्या वडिलांचा खडा पानफुटीनेच पडला. सकाळी दोन पानं, वर तांब्याभर पाणी. महिन्याभरात पडला, आम्ही सगळ्यांनी बघितलाय, ज्वारीच्या दाण्याएवढा होता. याला काय म्हणाल?

वैद्य_मृणाल
काका, खडा पडला हे मी नाकारतच नाही. पण पाच मिलिमीटरच्या आतले बरेचसे खडे भरपूर पाणी प्यायलं की आपले आपणच पडतात, ज्वारीचा दाणा त्यातच बसतो. पानाने पडला का वरच्या तांब्याभर पाण्याने, हे त्या एका खड्यावरून मला सांगता येणार नाही, तुम्हालाही येणार नाही. आणि तुमच्या वडिलांनी जे खाल्लं ती पानफुटी होती. इथे समोर आहे ते काय, हेच अजून ठरायचंय.

मालवी_भिया
बात तर बरोबर आहे.

अनघा_सुदामानगर (१३ ऑगस्ट)
सकाळी नीट बघितलं, नवे फोटो टाकतेय. पान खालून कोरं नाहीये, जांभळट-तपकिरी पट्टे आणि ठिपके आहेत, वरून फारसे दिसत नाहीत. पान सपाट नाही, मधल्या शिरेवर दुमडलंय, आडवं कापलं तर इंग्रजी व्ही दिसेल असं. एका पेरावर दोन समोरासमोर, त्याच्या वरची जोडी आडवी. अगदी शेंड्याला एका ठिकाणी मात्र तीन दिसली. चीक पांढरा नाही, पाण्यासारखा आहे.

सासूबाई शेजारी बसून सगळं वाचून घेतायत. "विचार त्यांना, मग भाभीजींच्या जाऊबाईंचा खडा कसा गेला?" असं म्हणाल्या.

जुना_होळकर
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मी होळकर कॉलेजात बॉटनी शिकलो आणि पुढे आयुष्यभर तेच शिकवलं, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. थोडं लांबेल.

चीक पाण्यासारखा आहे हे फार बरं झालं बघितलंत. पांढरा दुधी चीक असता तर शेर-निवडुंगाच्या, म्हणजे युफोर्बियाच्या कुळाकडे जावं लागलं असतं, आणि तो चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. तेव्हा ते बाद. पानांच्या कडेला पिल्लं म्हणजे कलांचो, त्यातही ब्रायोफिलम नावाने ओळखला जाणारा गट. हे सगळे मादागास्करचे. आता यात आपल्या अंगणात दिसणारे कोण कोण ते सांगतो.

पहिली आपली पानफुटी, कलांचो पिनाटा. हिची खालची पानं साधी, पण झाड वाढलं की वरची पानं तीन-पाच पर्णिकांची संयुक्त होतात. पान सपाट, रुंद, कड गोलसर दंतुर आणि बहुतेकदा लालसर. पिल्लं साधारणपणे पान गळल्यावर किंवा तोडल्यावर. फुलाच्या वेळी तर शंकाच उरत नाही, कारण फुगीर, कागदासारखे पोकळ घोस खाली लोंबतात. अनघाताई, तुमच्या झाडाचं पान अरुंद, दुमडलेलं आणि खालून ठिपकेदार आहे. ही पानफुटी नाही. एवढं मी आजच खात्रीने लिहितो.

दुसरं डेग्रेमोंटियाना. पान त्रिकोणी, खालून जांभळे डाग, पूर्ण कडेने पिल्लं. याची खूण म्हणजे पानाच्या बुडाशी कड आत वळून दोन्ही बाजूंनी कानाच्या पाळीसारखी येते. तिसरं डेलागोएन्सिस. याची पानं पानासारखी दिसतच नाहीत, बारीक नळ्या असतात, एका पेरावर बहुधा तीन, आणि पिल्लं फक्त टोकाला. चौथं लेटिव्हिरेन्स, रुंद हिरवीगार पानं, कडेला भरगच्च पिल्लं, पण खालून डाग नाहीत.

आणि पाचवं, ज्याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, ते म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्याचा संकर, कलांचो हाउटनी. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात हाउटन नावाच्या गृहस्थांनी हा केला आणि तो इतका पसरला की आज जगभर डेग्रेमोंटियाना म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं प्रत्यक्षात हेच असतं. पान नावेसारखं दुमडलेलं, अरुंद, पिल्लं कडेने पण टोकाकडच्या अर्ध्यात जास्त. तुमच्या शेंड्याला तीन पानं दिसली तेव्हाच माझा संशय इकडे गेला.

म्हणून आता एकच गोष्ट बघा, पानाच्या बुडाशी कान आहेत का.

मालवी_भिया
सर एक नंबर 🙏 माझी आत्या म्हणते पत्थरचट्ट्याची पहचान एकदम सोपी आहे, सकाळी पान चाखायचं, आंबट लागलं तर असली. संध्याकाळी तेच पान आंबट लागत नाही. हे खरंय का?

जुना_होळकर
तुमच्या आत्यांचं निरीक्षण अगदी खरं आहे आणि त्याला मोठा इतिहास आहे. बेंजामिन हेन नावाचे एक वनस्पतितज्ज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात होते. त्यांनी इथेच पानफुटीचं पान चाखून बघितलं आणि इंग्लंडला पत्र लिहिलं की सकाळी हे पान चांगलंच आंबट, दुपारपर्यंत बेचव आणि संध्याकाळी कडसर लागतं. ते पत्र १८१५ मध्ये छापलं गेलं. या झाडाची पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, दिवसा मिटलेली असतात, पाणी वाचवायला. रात्री ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. सकाळी साठा भरलेला, म्हणून आंबट. दिवसभर उन्हात तो वापरला जातो. आज ज्याला कॅम प्रकाशसंश्लेषण म्हणतात त्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक, आणि ती आपल्या देशातल्या पानाची.

पण ओळखीसाठी ही परीक्षा चालत नाही, आणि हे ठळक वाचा. वर दिलेली पाचही झाडं हेच करतात. पाचही सकाळी आंबट लागतील. म्हणजे चव बघून जात कळणार नाही, आणि ज्याची जात माहीत नाही ते तोंडात घालायचं नाही.

मालवी_भिया
आत्याला वाचून दाखवलं. खूष पण झाली आणि घाबरली पण.

ग्वाल्हेरची_नीता
घाबरायला हवंच. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माहेरी गाई होत्या, तिथून मी शिकले की गुरांच्या वाटेवर काय लावायचं नाही. या झाडांत, विशेषतः फुलांत, हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, बुफाडायनोलाइड म्हणतात. ऑस्ट्रेलियात हे शोभेचं म्हणून नेलं आणि माळरानावर सुटलं. १९९७ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या मोरी गावाजवळ एका कळपातली सव्वाशे गुरं हे खाऊन मेली. क्वीन्सलँडमध्ये तर ते कायद्याने तण ठरवलंय. दोन पानांनी माणसाचं काय होईल हा हिशोब मी करू शकत नाही, पण वयस्कर माणूस, त्यात कोणाला हृदयाची गोळी चालू असेल तर? घरात कुत्रं-मांजर असेल त्यांनीही गमला उंचावर ठेवा.

बाकी ग्वाल्हेरच्या थंडीत हे बाहेर टिकत नाही हो, जानेवारीत धुकं आणि दहिवर पडलं की पानं काळी पडून लोंबतात. इंदुरात तुमची मजा आहे.

बडोदेकर_सु
धागा मस्त चाललाय, मध्येच घुसतो. माझ्या जेड प्लांटचं पण सांगा ना. नर्सरीतून जेड म्हणून आणलं, पानं नखाएवढी, दांडा लालसर, फांद्या खाली लोंबून राहिल्यात. वहिनीकडचं जेड बघितलं तर त्याची पानं दुप्पट मोठी, झाड ताठ. कोणाचं असली?

टेरेसवाली
दोन्ही असली, पण वेगवेगळी. वहिनींचं क्रासुला ओव्हाटा, ज्याला जगभर जेड म्हणतात. तुमचं पोर्टुलाकारिया आफ्रा, घोळाच्या भाजीच्या नात्यातलं, दक्षिण आफ्रिकेत हत्ती आवडीने खातात ते. आपल्या नर्सऱ्यांत बहुतेकदा तुमचंच जेड म्हणून मिळतं, कारण आपल्या उन्हाळ्यात ते जास्त तग धरतं. बोन्सायला तुमचं उत्तम आहे, लोंबलेल्या फांद्या छाटा, छाटलेल्या दोन दिवस सावलीत सुकवून रेतीत खोचा, सगळ्या लागतील. आणि बडोद्याच्या पावसात आडोसा द्या.

रामबागकर
मातीचा विषय निघालाच आहे तर. अनघाताई, तुम्ही कोणतंही नाव निघो, खत चांगलं घाला. आपलं इंदूर म्हणजे खताचं गाव. अल्बर्ट हॉवर्ड इथे १९२४ पासून सात वर्षं होते, होळकरांच्या राज्यात, आणि पालापाचोळा-शेणाचे थर देऊन, फिरवून फिरवून कंपोस्ट करायची जी रीत त्यांनी बसवली ती जगात "इंदूर पद्धत" म्हणून ओळखतात. आमचे आजोबा सांगायचे की ते खड्डे बघायला लांबलांबून लोक येत. आमच्या गच्चीवर मी अजून तसंच करतो. तुम्हाला एक घमेलं पाठवतो.

टेरेसवाली
काका, तुमच्या कंपोस्टला तोड नाही, माझी वांगी साक्षी आहेत. पण मांसल पानांच्या झाडांना ते नको. यांना उपाशी ठेवलेलं बरं असतं. खत आणि आपली काळी माती एकत्र आली की पावसाळ्यात आठ-आठ दिवस ओल सुटत नाही आणि बुड पिचपिचीत होऊन सडतं. मी अर्धी जाडी रेती, पाव भाग विटेचा चुरा आणि पाव भाग माती घेते, शेणखत असलं तर मूठभर. गमल्याला भोक मोठं. मे महिन्यात दुपारचं ऊन थोडं अडवायचं, बाकी काही नाही. अनघाच्या झाडाला तर तेवढंही लाड नकोत, ते गटारीच्या फटीतही येईल.

कल्पना_लोकमान्यनगर
घमेलं मला पाठवा रामबागकर काका, माझ्या पानओव्याला चालेल ना?

रामबागकर
चालेल की! रविवारी येतो घेऊन. भजी असतील अशी आशा आहे.

अनघा_सुदामानगर (१५ ऑगस्ट)
सर, बुडाशी कान नाहीत. पान निमुळतं होत सरळ देठात उतरतं, देठ जाडसर आहे. आणि तुम्ही म्हणालात तसंच, पिल्लं टोकाकडे दाट, देठाकडे जवळजवळ नाहीतच.

दुसरी बातमी म्हणजे नीताताईंचं वाचून सासूबाई गप्प झाल्या, कारण त्यांना ब्लडप्रेशरची आणि हृदयाची, दोन्ही गोळ्या चालू आहेत. हे भाभीजींनी विचारलंच नव्हतं आणि यांनीही सांगितलं नव्हतं. काल डॉक्टरांकडे सोनोग्राफी दाखवली. खडा सहा मिलिमीटरचा आहे, औषध दिलंय, पाणी वाढवायला सांगितलंय आणि परत बोलावलंय. पानाचा विषय बंद.

वैद्य_मृणाल
फार छान. सोनोग्राफी परत वेळेवर करून घ्या, दुखणं थांबलं म्हणजे खडा गेला असं नसतं. मधेच ताप आला किंवा लघवी अडली तर वाट न बघता दवाखाना.

जुना_होळकर
कान नाहीत, पान दुमडलेलं, पिल्लं टोकाकडे, शेंड्याला तीन. माझं मत हाउटनी. पण पानावरून संकर ओळखण्यात थोडी जागा राहतेच, ऊन-पाणी बदललं की पानाचा आकारही बदलतो. पक्कं फुलावरून होईल. दिवस लहान झाले की हे फुलतं, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे. डेग्रेमोंटियानाची फुलं मळकट गुलाबी-करडी असतात. हाउटनीची लालभडक-नारिंगी. अंगणातल्या दिव्याचा उजेड रात्री त्याच्यावर पडू देऊ नका, रात्र मोठी झाली हे त्याला कळलं पाहिजे. कळ्या आल्या की इथेच लिहा.

मालवी_भिया
सर, ही पिल्लं एवढी देतात तर बी कशाला येत असेल?

जुना_होळकर
उत्तम प्रश्न. २००७ च्या संशोधनात असं दिसलं की पानावर कायम पिल्लं देणाऱ्या या जातींमध्ये पिल्लू तयार होताना बियातल्या गर्भाचीच यंत्रणा पानात कामाला लागते, आणि त्याच बदलात डेग्रेमोंटियानाची रुजणारं बी करण्याची ताकद गेली. गर्भ बनवणारं एक जनुक तिच्यात अर्धवट राहिलंय. पानफुटी, जी पान गळल्यावरच फुटते, तिच्यात मात्र ती ताकद शाबूत आहे. पानावरचं पिल्लू आईची हुबेहूब प्रत असतं. अनघाताईंच्या मोगऱ्याच्या गमल्यातलं रोप म्हणजे मावससासूबाईंच्या सासूबाईंनी लावलेलंच झाड आहे, दुसरं नव्हे. जर्मन कवी गटे यांना पानफुटीचं असंच वेड होतं, ते तिची पानं मित्रमैत्रिणींना भेट म्हणून पाठवत.

अनघा_सुदामानगर
हे वाचून सासूबाई म्हणाल्या, मग टाकायचं नाही. खायचं नाही पण ठेवायचं.

अनघा_सुदामानगर (१९ जानेवारी)
धागा वर काढतेय. कळ्या डिसेंबरच्या शेवटी आल्या, आज उमलली. दांडा वाढून तीन फुटांवर गेला आणि वर झुंबरासारखा घोस आलाय. फुलं खाली तोंड करून, नळीसारखी, रंग नारिंगी-लाल, भडक. फुगीर कागदी पिशवी नाही, फुलाखालचा हिरवा भाग आखूड आहे. फोटो सकाळी आठचे आहेत, रंग खरा आलाय. एक सूर्यपक्षी दोन दिवस फेऱ्या मारतोय.

खड्याचं म्हणाल तर ऑक्टोबरच्या सोनोग्राफीत दिसला नाही.

जुना_होळकर
फोटो बघितले. हाउटनी. कलांचो हाउटनी, डेग्रेमोंटियाना गुणिले डेलागोएन्सिस. आता शंका नाही. पाटी लिहून गमल्यात खोचून ठेवा, आणि पाटीवर "खाऊ नये" हेही लिहा, पुढे कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. फुलून झालं की तो दांडा बहुधा वाळून जातो, तेव्हा घाबरू नका, चार पिल्लं वेगळ्या गमल्यात आत्ताच धरून ठेवा.

वैद्य_मृणाल
खडा गेला हे वाचून आनंद झाला. पाणी मात्र चालूच ठेवा, खडे परत होतात.

टेरेसवाली
अभिनंदन! आता एक कामाचं. चार ठेव, बाकीची शेकड्याने पडतील त्यांचं काय करायचं ते ऐक. ओल्या कचऱ्यात तशीच टाकू नकोस आणि रामबागकर काकांच्या कंपोस्टात तर मुळीच नको, ती मजेत उगवतात. आपला ओला कचरा देवगुराडियाला जातो, बायो-सीएनजीचा प्लांट आहे, तिथे पोचलं तर ठीक, पण वाटेत गाडीतून चार सांडली तर? काळ्या पिशवीत बांधून उन्हात आठ-पंधरा दिवस ठेव, पूर्ण वाळून कुरकुरीत झाली की मग टाक. नाल्याकाठी, खान नदीच्या बाजूला वगैरे कोणी "निसर्गात सोडून" देऊ नका.

रामबागकर
माझ्या कंपोस्टात नको म्हणजे नकोच. पण फुलं फार सुंदर आहेत, एक पिल्लू मला हवं. पाटीसकट.

नवी_सदस्या_प्र
नमस्कार, पूर्ण धागा वाचून काढला. माझ्याकडे पलासियाच्या फ्लॅटमध्ये असंच आहे पण पान रुंद आहे, हिरवंगार, खालून एकही डाग नाही, कडेने पूर्ण पिल्लं. माझे मिस्टर रोज एक पान खातात पोट साफ व्हायला. हे तरी पानफुटी असेल ना?

जुना_होळकर
नाही. पान झाडावर असतानाच कडेने पिल्लं आणि डाग नाहीत, हे लेटिव्हिरेन्सचं वर्णन आहे. मिस्टरांना आजपासून बंद करायला सांगा आणि पानाच्या बुडाचा, खालच्या बाजूचा आणि पूर्ण झाडाचा असे तीन फोटो सकाळच्या उजेडात टाका.

वैद्य_मृणाल
आणि किती दिवसांपासून खातायत, इतर कोणती औषधं चालू आहेत, तेही लिहा. छातीत धडधड, मळमळ, चक्कर यातलं काही असेल तर इथे लिहीत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा आणि पान सोबत न्या.

नवी_सदस्या_प्र
तसं काही नाहीये, पण लगेच सांगते त्यांना. फोटो उद्या सकाळी टाकते.